वाढविलेल्या टर्बो-इंजिनाची उष्णता व तिची मोजदाद

हल्लीं बागायती मुलखांतील बहुतेक मोठ्या गांवीं टर्बो बसविलेली एखादी तरी डिझेल जीप असते, आणि मोठ्या ताकदीच्या कित्येक ट्रॅक्टरांसही टर्बो असतो. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं या वाहनांवर कामाचा बोजा पडतो, आणि त्याच सुमारास मालकाच्या मनांत अशी इच्छा उत्पन्न होते कीं, आहे त्याच इंजिनांतून थोडी अधिक ताकद मिळाली तर बरें. ती मिळवून देणारे कारागीरही जवळच्या पेठेंत सांपडतात. जुन्या गाडीचा ते डिझेल पंप वाढवून देतात. नव्या गाडीच्या इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकांतील आंकडे बदलून देतात. काम तास-दोन तासांचें, आणि गाडी परत येते ती पूर्वीपेक्षां चपळ होऊन. परंतु त्या तास-दोन तासांत ताकदीबरोबर इंजिनाची उष्णताही वाढली, आणि ती उष्णता बाहेर टाकणारीं साधनें मात्र होतीं तेवढींच राहिलीं, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते.

ताकद वाढवावी कीं वाढवूं नये, याचा निर्णय ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें करावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वाढ करण्यापूर्वीं व वाढ केल्यानंतर इंजिनाच्या चार ठिकाणचें उष्णमान मोजून तें लिहून ठेवल्याशिवाय या भानगडींत कोणीं पडूं नये. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. मोजणी झाल्याखेरीज आकारणी नाहीं, असा तेथील शिरस्ता. तोच शिरस्ता इंजिनास लावला तर पुष्कळ नुकसान टळेल, अशी आमची खात्री आहे. या लेखांत उष्णमानाचे जे अंश दिले आहेत ते सर्व सेंटिग्रेडचे समजावे.

उष्णतेचा जमाखर्च

इंजिन हें उष्णतेवर चालणारें यंत्र आहे. त्यांत जमा होते ती डिझेलांतील उष्णता, आणि खर्च पडतो तो तीन बाबींवर: चाकांस मिळणारें काम, धुराबरोबर निघून जाणारी उष्णता, आणि पाणी व तेल यांच्या द्वारें बाहेर टाकावी लागणारी उष्णता. याचा ढोबळ हिशेब मांडून पाहूं. ५० अश्वशक्तीचें डिझेल इंजिन पूर्ण भारावर चाललें असतां तासास सुमारें १० लिटर डिझेल जाळतें. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. एक लिटर डिझेल जळल्यानें अशा सुमारें ८,६०० किलोकॅलरी निघतात. म्हणजे तासाची जमा ८६,००० झाली. पैकीं एक तृतीयांशाहून थोडी अधिक कामीं लागते, साधारण तितकीच धुरावाटें जाते, आणि सुमारें एक चतुर्थांश, म्हणजे २१,५०० किलोकॅलरी, मुख्यतः रेडिएटरास हवेंत फेकून द्यावी लागते. एवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें ३०० लिटर पाणी उकळीस येईल. दर तासास दीड पिंप पाणी उकळविणारी ही चूल बॉनेटखालीं पेटलेली असते, आणि तिला थंड ठेवण्यास आंत खेळणारें पाणी मात्र दहा-पंधरा लिटरच असतें.

आतां असें समजा कीं, पंप वाढवून तासाचें डिझेल १० ऐवजीं १२ लिटर झालें. जमा एक पंचमांशानें वाढली, तशी रेडिएटरावरील आकारणीही निदान तितक्याच प्रमाणांत वाढली. रेडिएटर तोच, पंखा तोच, पाणी तेवढेंच. गाडी बनविणारानें कडक उन्हाळा व चढाचा रस्ता ध्यानीं धरून या साधनांत थोडी शिल्लक ठेवलेली असते हें खरें, आणि नव्या व स्वच्छ गाडीस ती कांहीं दिवस पुरते. परंतु चार-पांच वर्षें शिवाराची धूळ व उंसाचें पाचट खाल्लेल्या गाडीची ही शिल्लक आधींच संपलेली असते. शिल्लक नसतांना खर्च वाढविणाऱ्या खातेदाराची जी गत होते, तीच मग त्या इंजिनाची होते.

टर्बो हवा वाढवितो आणि तापवितोही

एक किलो डिझेल पुरतें जळण्यास किमान सुमारें १४.५ किलो हवा लागते. व्यवहारांत धूर न होतां जळावें म्हणून भाराच्या वेळीं वीस किलोच्या आसपास हवा द्यावी लागते. तेव्हां अधिक डिझेल जाळावयाचें तर आधीं अधिक हवा पाहिजे. ती पुरविण्याची युक्ति स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरानें शोधून १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरतें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र असतें, तें बाहेरील हवा ओढून दाबून इंजिनांत भरतें. हाच टर्बो. गाडींतील टर्बोचीं चक्रें भाराच्या वेळीं मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेतात, आणि त्यांचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

हवा दाबली कीं ती तापते, हें सायकलीच्या पंपास हात लावून पाहणारास ठाऊकच आहे. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाची केली तर सामान्य टर्बोंतून निघतांना ती सुमारें १३० अंशांची झालेली असते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती इंजिनांत शिरण्यापूर्वीं एका निराळ्या जाळींतून नेऊन निववितात. या जाळीस इंटरकूलर म्हणतात. १३० अंशांची हवा तेथें ५५ अंशांवर आणली तर त्याच दाबानें त्याच जागेंत सुमारें एक पंचमांशाहून अधिक हवा मावते. इंटरकूलर चोंदला कीं हा फायदा बुडतो. हवा कमी व गरम येते, डिझेल मात्र वाढविलेलें तेवढेंच पडतें, आणि धूर काळा होऊन इंजिन आंतून भाजूं लागतें.

उष्णतेची ही अडचण नवी नव्हे. अमेरिकेंत १९६२ सालीं ओल्ड्समोबिलची जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आली. बाजारांत आलेल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकीं ती एक होय. तींत दाबलेल्या हवेवर पाणी व मेथिल अल्कोहोल यांचें मिश्रण फवारून ती निववावी लागे, आणि त्यासाठीं निराळी टांकी दिलेली होती. पुष्कळ मालक ती टांकी भरण्याची तसदी घेत नसत, आणि ती रिकामी झाली कीं गाडीची ताकद आपोआप कमी होई. यंत्राचा हा धडा तेव्हांपासूनचा आहे: जो हवा दाबील त्यानें ती निववण्याची तजवीजही ठेविली पाहिजे.

मोजणीचीं चार ठिकाणें

पहिलें ठिकाण इंजिनाचें पाणी. थर्मोस्टॅट सामान्यतः ८२ ते ८८ अंशांस उघडतो, आणि नित्याच्या चालींत पाणी ८० ते ९५ अंशांत राहावें. १०० च्या वर चढूं लागल्यास भार कमी करावा. १०५ च्या पुढें टिकून राहिल्यास थांबावें. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पुष्कळ नव्या गाड्यांचा काटा चालकास उगीच धास्ती वाटूं नये अशा रीतीनें बसविलेला असतो. पाणी ८० अंशांचें असो वा १०० चें, तो मधोमधच उभा असतो, आणि हलतो तेव्हां फार उशीर झालेला असतो. नव्या गाडींत स्टिअरिंगखालीं तपासणीचें एक कोंदण असतें. त्यांत बसणारें लहानसें उपकरण बाजारांत मिळतें, तें पाण्याचें व आंत जाणाऱ्या हवेचें खरें उष्णमान आंकड्यांत दाखवितें. जुन्या गाडीस निराळें मापक बसवून घ्यावें. दुसरी गोष्ट अशी कीं, नळी फुटून पाणी निघून गेलें तर मापकाचें टोंक कोरडें पडतें, आणि इंजिन भाजत असतां काटा मात्र खालीं येतो. भर चढावर काटा एकाएकीं उतरला तर समाधान न मानतां तत्काळ थांबून पाहावें.

दुसरें ठिकाण तेल. पिस्टनाच्या बुडाशीं तेलाची चिळकांडी सोडून त्यास निववितात, आणि टर्बोचा दांडाही तेलावरच फिरतो. म्हणून टर्बोच्या इंजिनांत तेल हें वंगण तर आहेच, शिवाय उष्णता वाहून नेणारा दुसरा प्रवाहही आहे. तळपात्रांतील तेल ९० ते ११० अंश असावें. १२० ला सावध व्हावें. १३० च्या पुढें जाऊं देऊं नये. तेल कामाच्या उष्णमानाहून अधिक तापूं लागलें कीं दर दहा अंशांस त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. वाढविलेल्या इंजिनाचें तेल म्हणूनच पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीपूर्वीं बदलावें.

तिसरें ठिकाण इंटरकूलरांतून निघून इंजिनांत जाणारी हवा. ती बाहेरील हवेहून वीस-पंचवीस अंशांपर्यंत अधिक असणें साहजिक आहे. गाडी वेगांत असूनही ती याहून बरीच वर राहूं लागली तर इंटरकूलर चोंदला आहे, किंवा टर्बोकडून त्याच्या आवाक्याबाहेर दाब मागितला जात आहे, असें समजावें. कारण आवाक्याबाहेर गेलेला टर्बो हवा दाबण्यापेक्षां तापविण्याचेंच काम अधिक करतो.

चौथें ठिकाण, आणि वाढविलेल्या डिझेल इंजिनांत सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे टर्बोंत शिरणारा तप्त धूर. हा मोजण्यास साधा तापमापक चालत नाहीं. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोंकांशीं जोडून त्यांचा एक सांधा तापविला असतां सूक्ष्म वीज उत्पन्न होते, हें सीबेक या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर केलेलें थर्मोकपल नांवाचें मापक येथें बसवितात. सपाटीवर हलक्या भारानें जातांना हा आंकडा ३०० ते ४५० अंश असतो. भार घेऊन चढ चढतांना ५५० ते ६५० पर्यंत जातो. ७०० ही वरची हद्द मानून तिच्यावर कांहीं क्षणांहून अधिक काळ राहूं देऊं नये. गाडी बनविणारानें निराळी हद्द दिली असेल तर तीच प्रमाण मानावी. या हद्दीचें कारण असें: ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि पिस्टन ज्या मिश्रधातूचा असतो तो त्याहूनही खालीं नरम पडूं लागतो. तेल व पाणी पिस्टनाची उष्णता सतत काढून नेतात म्हणूनच तो टिकतो. धुराची उष्णता हद्दीबाहेर राहिली तर हें काढून नेणें अपुरें पडतें. मग पिस्टनाचा माथा वितळतो, मॅनिफोल्डास तडे जातात, आणि टर्बोचें तप्त चक्र निकामी होतें.

हें मापक मॅनिफोल्डावर टर्बोच्या अलीकडे बसवावें. टर्बोच्या पलीकडे बसविल्यास भाराच्या वेळीं आंकडा शंभर ते दोनशे अंशांनीं कमी दिसतो, व मालकाची फसगत होते. भोंक पाडतांना मॅनिफोल्ड उतरवून घेण्याचा आग्रह धरावा. लोखंडाचा एखादा कीस आंत राहून लाख फेऱ्यांनीं फिरणाऱ्या चक्रांत शिरला तर टर्बोची शाश्वती नाहीं.

या चारही साक्षीदारांचा स्वभाव निराळा आहे. धुराचें मापक चार-दोन सेकंदांत बोलतें. हवेचें त्यानंतर लवकरच. पाणी कांहीं मिनिटांनीं. आणि तेल सर्वांच्या मागाहून. केवळ पाण्याच्या काट्यावर विसंबून राहणारा मालक उशिरां बोलणाऱ्या साक्षीदारावर सगळा दावा सोंपवितो.

पेट्रोलच्या टर्बो गाडीस चौथ्या ठिकाणचे हे आंकडे लागू नाहींत. तिचा धूर मुळांतच अधिक तप्त असतो, आणि भरावर ९०० अंशांच्या आसपास जाणें तिला स्वाभाविक असतें. शिवाय डिझेल इंजिनांत जास्त इंधनानें उष्णता वाढते, तर पेट्रोल इंजिनांत भराच्या वेळीं इंधन कमी पडल्यानें ती वाढते. तेथें आंत जाणारी हवा गरम झाली कीं ठोका पडूं लागतो, व त्यानें पिस्टन फुटतो. म्हणून डिझेलच्या मिस्त्रीचा अनुभव पेट्रोलच्या गाडीवर चालवूं नये.

आवर कसा घालावा

नवें साधन विकत घेण्यापूर्वीं जुनें साफ करावें. गाडीच्या तोंडाशीं बहुधा तीन जाळ्या एकीपाठीमागें एक असतात: थंड हवेच्या यंत्राची, इंटरकूलरची व रेडिएटरची. बाहेरून पुढची जाळी स्वच्छ दिसते, पण दोन जाळ्यांच्या मधल्या फटींत धूळ, कोंडा व पाचटाचे तंतू यांची गादी बसलेली असते. जाळ्या सैल करून, इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेनें, हलक्या धारेनें धुवाव्या. जोराची धार मारल्यास पातळ पाती मुडपतात आणि वाट उलट बंद होते. समोर लावलेले जादा दिवे, शोभेच्या जाळ्या व फलक हेही हवा अडवितात, ते काढावे. पंख्याभोंवतालचें आवरण फुटलें असेल तर नवें बसवावें, नाहींतर पंखा इंजिनाकडील गरम हवाच पुनः पुनः फिरवितो.

त्यानंतर रेडिएटरचें झांकण पाहावें. हें झांकण आंत सुमारें एक वातावरणाचा दाब धरून ठेवतें, आणि त्यामुळें साधें पाणीही १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांस उकळतें. झांकणाचें रबर झिजलें कीं ही वीस अंशांची शिल्लक जाते. उंचीवर तर याचें महत्त्व अधिकच. वाईहून पसरणी घाटानें महाबळेश्वरास गेलें कीं सुमारें १,३७० मीटर उंचीवर उघडें पाणी ९५ अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें. शिवाय तेथील हवा विरळ असल्यानें टर्बोसही अधिक राबावें लागतें. तेव्हां चढाचा रस्ता, विरळ हवा व ढिलें झांकण या तिहींचा मेळ पडूं देऊं नये. पंख्याचा पट्टा व रबरी नळ्या यांचीही याच वेळीं तपासणी करावी.

रेडिएटरांत विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी घालण्याची चाल फार घातक आहे. त्यांतील क्षार तप्त भिंतींवर बसतात. हा थर लोखंडाच्या मानानें विसाव्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहूं देत नाहीं. पाणी थंड, काटा खालीं, आणि सिलिंडराची भिंत मात्र तापून लाल, असा प्रकार त्यामुळें होतो. बॅटरीसाठीं मिळतें तसें शुद्ध पाणी व चांगलें कूलंट निम्मेनिम घालावें. आपल्या इकडे पाणी गोठण्याची धास्ती नसली तरी कूलंटानें उकळण्याचा बिंदु वाढतो, गंज टळतो व पाण्याच्या पंपाचें आयुष्य वाढतें. नुसतें कूलंट मात्र घालूं नये. त्याची उष्णता वाहण्याची शक्ति पाण्याहून कमी असते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सल्ला कित्येक ठिकाणीं मिळते. ती मानूं नये. थर्मोस्टॅट नसल्यास हिंवाळ्यांत इंजिन पुरेसें तापत नाहीं, झीज व डिझेलचा खर्च वाढतो. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांना पाण्याची आडवाट बंद करतो. तोच काढला तर कांहीं पाणी रेडिएटरांत न जातां गरमच्या गरम परत फिरतें. जुना बिघडला असेल तर त्याच अंशाचा नवा बसवावा.

चौथी तपासणी टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या नळ्यांची. एखादी पट्टी ढिली असली तरी दाबलेली हवा वाटेंतच गळते. ताकद घटली, काळा धूर वाढला व धुराचें उष्णमान चढलें, तर डिझेल पंपास हात लावण्याआधीं या नळ्या व हवेची गाळणी पाहावी.

इतकें करूनही आंकडे हद्दींत येत नसतील तर मोठा इंटरकूलर, तेलाचा निराळा कूलर किंवा अधिक थरांचा रेडिएटर या क्रमानें विचार करावा. आणि तेंही परवडत नसेल, तर वाढविलेला पंप पुनः कमी करावा. यांत कमीपणा कांहीं नाहीं. आकारणी जमिनीच्या मगदुराप्रमाणेंच असावी लागते.

रस्त्यावरची वागणूक

चढावर वरच्या गिअरांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गाडी रेटणें हें धुराचें उष्णमान वाढविण्याचें सर्वांत खात्रीचें साधन होय. फेरे कमी असल्यानें टर्बो पुरती हवा देत नाहीं, पाण्याचा पंपही मंद चालतो, आणि डिझेल मात्र पूर्ण पडतें. अशा वेळीं एक गिअर खालीं घ्यावा व पाय थोडा हलका करावा. धुराचा आंकडा पाहतां पाहतां उतरतो. दोन ट्रॉल्यांचा ऊंस घेऊन चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरास हाच नियम आहे. इंजिन नुकतेंच सुरू केलें असतां त्यास फेरे देऊं नयेत. तेल टर्बोपर्यंत पोंचून जरा पातळ होऊं द्यावें. तसेंच मोठा भार ओढून आल्यावर इंजिन एकदम बंद करूं नये. दोन-तीन मिनिटें, किंवा धुराचें मापक २०० अंशांच्या सुमारास येईपर्यंत, तें मंद चालूं द्यावें. एकदम बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो, तप्त टर्बोंत अडकलेलें तेल जळून त्याचा कोळसा होतो, आणि दांड्याच्या वाटा बुजतात.

शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट विसरूं नये. तापलेली गाडी वाळलेलें गवत, पाचट किंवा कडबा यांवर उभी करूं नये. भारत स्टेज ६ चे नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हांपासूनच्या डिझेल मोटारींत काजळी धरणारी गाळणी असते, आणि सांठलेली काजळी जाळून टाकण्यासाठीं ती मधून मधून सुमारें ६०० अंशांपर्यंत तापते. खळ्यास आग लागण्यास तेवढें पुरेसें आहे.

इतक्यावरही पाणी उकळीच्या बेतास आलें तर थंड हवेचें यंत्र बंद करावें, गाडींतील गरम हवेचें यंत्र पूर्ण चालू करावें, कारण तोही एक लहानसा रेडिएटरच आहे. आणि बाजूस थांबून, पाणी गळत नसेल तर, इंजिन थोडा वेळ मंद चालूं द्यावें. वाफ किंवा गळती दिसल्यास मात्र तत्काळ बंद करावें. झांकण उघडण्याची घाई करूं नये. दाबाखालचें पाणी उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनांत अगर इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. त्यानें हेड वांकडें होतें किंवा त्यास तडा जातो. यानंतर तेल दुधाळ झालेलें, धूर पांढरा व रेडिएटरांत बुडबुडे दिसल्यास हेड गॅस्केट गेलें असें समजून गाडी ओढूनच न्यावी.

नोंदवही व कागदपत्र

एक साधी वही करून तींत रकाने आंखावे: तारीख, रस्ता, भार, गिअर, बाहेरील हवा, पाणी, तेल, आंत जाणारी हवा, धूर व शेरा. वाढ करण्यापूर्वीं ठराविक चढावर ठराविक भार घेऊन दुपारच्या वेळीं गाडी न्यावी, आणि पांच, दहा व पंधरा मिनिटांनीं आंकडे टिपावे. वाढ केल्यावर त्याच चढावर, तोच भार घेऊन, तशाच उन्हांत पुनः टिपावे. दोन पानें शेजारीं ठेवलीं कीं कारागिरानें काय दिलें व त्याची किंमत इंजिन कशी मोजीत आहे, हें वाचतां येईल. पुढेंही महिन्यास एकदां हीच पाहणी करावी. त्याच भारावर पाणी पूर्वीपेक्षां पांच-सात अंश वर दिसूं लागलें तर कांहीं तरी चोंदत आहे, ही सूचना हंगाम बुडण्याच्या आधीं मिळते.

कागदोपत्रीं बाजूही पाहून ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणींतील तपशील बनविणारानें मुळांत दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हें कलम अधोरेखित केलें आहे. पंप किंवा संगणक यांत बदल केल्यास कंपनीची हमी जाण्याचा, व अपघाताच्या वेळीं विम्याबाबत वाद निघण्याचा संभव असतो. म्हणून जें करावयाचें तें हे कागद वाचून व परिवहन कार्यालयांत विचारून करावें.

तोडलेला ऊंस वेळेवर कारखान्यास पोंचला नाहीं तर त्याचें वजन व साखर दोन्हीं घटतात, आणि भर हंगामांत वाहन बसलें तर कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. अशा वेळीं वाढविलेल्या ताकदीनें मिळालेला नफा इंजिनाच्या एका दुरुस्तींत निघून जातो. एक झांकण, एक मापक व एक वही यांस त्या मानानें फारच थोडा खर्च लागतो. ज्यांनीं आपल्या गाडीचा पंप आधींच वाढविला आहे, त्यांनीं येत्या हंगामापूर्वीं निदान चार ठिकाणची मोजणी करून घ्यावी. आणि ज्यांचा तसा विचार आहे, त्यांनीं पहिलें पान भरल्याखेरीज कारागिराकडे जाऊं नये, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.